इथं विहीर नव्हती

अकराला पाच मिनिटं होती आणि पलीकडच्या टेबलावरच्या स्पीकरमधून माझा आवाज आला. "मुलांनो, खिडकी वाऱ्याच्या तोंडाला ठेवा, म्हणजे दुपारी पंखा लागणार नाही." स्वच्छ, थोडा गोड, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा आवाज, तीस वर्षं चौथीच्या वर्गापुढे उभं राहून घडलेला. मी माझ्या खुर्चीत तोंड मिटून बसले होते. आधी वाटलं, जुनं रेकॉर्डिंग असेल. पण हे वाक्य मी कधी बोलले नव्हते, लिहिलंही नव्हतं. हात आपसूक गळ्याकडे गेला. गळा स्थिर होता. बोटांखाली फक्त नाडी आणि माळेचे मणी. आणि तिकडे मी पुढे बोलतच होते, "शाब्बास! तुम्हाला दोन पानं मिळाली."

मी उठून उभी राहिले तेव्हा मशीनपुढे बसलेल्या धम्मपालनं मान वळवली. "ताई, घाबरलात? अहो, तुम्हीच आहात ती." सगळे हसले. गेमची चित्रं काढणाऱ्या प्रियांकानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. "ट्रस्टकडून काल संध्याकाळी एकेचाळीस नवी वाक्यं आली," तो म्हणाला, "शुक्रवारी शाळांना गेम द्यायचाय. तुमचं मौन बारापर्यंत. तुम्हाला बोलायला तर लावायचं नव्हतं. आमची आई पण पौर्णिमेला अष्टशील धरते, मला माहितीये, मोडलं की माणसाला कसं होतं ते. म्हणून काल रात्रभर मशीनला तुमचा आवाज शिकवला. सहा महिन्यांचं सगळं रेकॉर्डिंग दिलं त्याला खायला. तुमचं खोकणंसुद्धा." सर्वेश आतून म्हणाला, "बाई, तुमचा नेमही राहिला आणि कामही झालं. आता बोला!" आणि स्वतःच जीभ चावून हसला. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, घरातल्या लहान मुलानं पहिल्यांदा चहा करून आणावा आणि बघत राहावं तसं. मी पाटी घेतली आणि लिहिलं, 'छान'. पाटीवरचं खोटं मौनात मोजतात की नाही, हे सासूबाईंनी मला सांगितलं नव्हतं.

हा नेम त्यांचाच. पहाटेच्या स्नानापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत, म्हणजे आपल्या घड्याळाचे बारा, तोंडातून शब्द काढायचा नाही. डोंबिवलीजवळ कोपरच्या आमच्या घरात त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी तो माझ्या पदरात घातला. दागिने मोठ्या जावेला गेले, नेम मला आला. माझी शाळा दुपारची होती, म्हणून जमून गेलं. निवृत्त झाल्यावर वागळे इस्टेटमधल्या या ऑफिसात आले ती सर्वेशमुळे. तो माझा विद्यार्थी. मुलांसाठी शिकवणारे गेम करतो, आणि या गेमचं मराठी लिहायला आणि बोलायला त्याला बाईच हव्या होत्या. पहिल्या दिवशी मी पाटी दाखवली, 'बारापर्यंत बोलत नाही, बाकी सगळं करते'. तो म्हणाला, "वर्गात तुम्ही आम्हाला गप्प बसवायचात. आता तुमची पाळी." खाली यंत्रांचा कारखाना आहे, पत्र्यावर ठोका पडला की आमच्या जमिनीतून पायाच्या तळव्यात येतो. त्या ठोक्यांच्या मधल्या शांततेत मी सकाळी लिहिते आणि बारानंतर बोलते. बोलायची खोली म्हणजे पूर्वीची फायलींची खोली, भिंतींना गोधड्या लावलेली, एका बाजूला काच. मी काचेकडे पाठ करून बोलते. कुणी बघत असलं की माझा आवाज शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोरचा होतो.

गेम साधा आहे. मुलाला एक जमीन मिळते. तिच्यावर घर बांधायचं. भट्टीच्या विटा घेतल्या तर झाडाची पानं गळतात, राखेच्या विटा किंवा दाबून केलेले मातीचे ठोकळे घेतले तर पानं फुटतात. सिमेंट कमी, चुना जास्त, छपराला उतार, पावसाचं पाणी टाकीत. कडेला एक आजी उभी असते, ती मुलांना सांगत जाते. आजीचा आवाज माझा. प्रियांकानं तिचा चेहराही हळूहळू माझ्यासारखा करत नेला, मला न सांगता. एके दिवशी बघते तो माझ्या नाकाचं हाड तिच्या चेहऱ्यावर. या सगळ्याचा खर्च एका बांधकामवाल्यांचा ट्रस्ट करतो. गेममधली जमीन खोटी वाटू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या एका जागेची मापं दिली. ड्रोन फिरवून घेतलेली, इंचाइंचाची उंची. धम्मपालनं ती मापं मशीनमध्ये घातली आणि पडद्यावर एक करड्या तारांची जाळी उमटली. झाड नाही, घर नाही, बांध नाही. प्रियांका ती जाळी बोटानं फिरवत होती, या बाजूनं, त्या बाजूनं, आणि मी तिच्या मागे उभी होते. मग ती एका जागी थांबली आणि मी पुढे वाकले. पूर्वेकडचा तो लांबट उंचवटा, जिथं पेंढ्याची उडवी रचायचे. तिथून भाताच्या खाचरांपर्यंत उतरत जाणारी पाठ. माणसाला कपड्यांवाचून पाहिलं तरी चालण्यावरून ओळखावं, तशी मी ती जमीन ओळखली. शीळफाट्याच्या अलीकडची आमची जमीन. माझं माहेर. मी पाटी छातीशी धरून उभी राहिले. तेव्हा साडेदहा वाजले होते. बारा वाजल्यावरही मी कुणाला काही सांगितलं नाही.

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणत. मी ते सगळं बोलणं मागे ठेवून आले. डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला उठवून धडा वाचायला लावला आणि वर्ग हसला. त्या वर्षी मी रोज रात्री जीभ टाळूला लावून ण आणि ळ घोटले. सासर रत्नागिरीकडचं, तिथं कुणाला मी कुठली ते सांगायची वेळच आली नाही. माहेरी गेले की आई, कलावती तिचं नाव, माझ्याशी बोलताना मध्येच थांबायची. "तू तं पुस्तकासारी बोलतंस गो," म्हणायची आणि हसायची, पण माझ्याकडे बघायची नाही. बावीच्या काठाशी सात दगड होते, शेंदूर लावलेले, साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे. लहानपणी आम्ही काठावर पोटावर झोपून आत हाका मारायचो. बाकीच्या विहिरी लगेच उलटून बोलतात. आमची तशी नव्हती. हाक मारायची, आपण विसरून उठायला लागायचं, मग आतून यायची. आपलंच नाव, पण जरा जाड, ओलं. राघो, माझा भाऊ, भिऊन पळायचा. आई म्हणायची, "बाव आदी आयकते, मंग बोलते."

सहा महिने मशीननं ऐकलं. हे मला खुर्चीत बसल्यावर सुचलं आणि सुचल्यासारखं वाटलं नाही, कुणीतरी मागून सांगितल्यासारखं वाटलं. मी पाटी पुसली. पुसलेल्या पाटीवर 'छान' अजून दिसत होतं, पुसट.

"एक सोडून चाळीस झाली ताई," धम्मपाल म्हणाला, "ते एकच वाक्य नाटकं करतंय. ऐकायचंय?" मी मान हलवली असणार. वाक्य मला ठाऊक होतं, सकाळी यादीत वाचलं होतं. ते कुठून आलं तेही ठाऊक होतं. धम्मपालनं गेममध्ये जमिनीखालचं पाणीही वाहतं केलं होतं, उंचसखल बघून ते आपोआप कुठं जातं ते मुलांना कळावं म्हणून. ते दर वेळी एकाच जागी जमायचं, उडवीच्या उंचवट्याच्या पायथ्याशी, एका वाटोळ्या खोलगटात. खोलगट असून असून वीतभर. भरलेली माती बसते. बसल्यावर वीतभर खाली जाते. ड्रोननं तेवढी वीत टिपली होती. धम्मपालला ती चूक वाटली, त्यानं दोनदा सपाट केली, आणि दोनदा मापं पुन्हा आली तशी आली. मग मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या एका शाळेत पाचवीच्या मुलांना गेम खेळायला दिला. वीस मुलं, वीस पडदे. टाकी बांधायची सोय होती, विहीर खणायचीही होती. विसातल्या सतरा मुलांनी घराचा पाया घालायच्या आधी विहीर खणली, सगळ्यांनी तिथंच. बाजूच्याचं बघून करतायत, असं सर्वेश म्हणाला. सान्वी नावाची एक दोन वेण्यांची मुलगी गाल पडद्याला लावून बसली होती. मी खाली वाकून विचारलं, काय गं? ती म्हणाली, "बाई, इथून गार लागतंय." ट्रस्टच्या बाई तेव्हा मागे उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. विहिरीची सोय गेममधून काढून टाका म्हणाल्या, आणि आजीकडून एक वाक्य घाला म्हणाल्या, म्हणजे मुलं विचारणार नाहीत.

धम्मपालनं बटण दाबलं. माझा आवाज म्हणाला, "इथं." आणि थांबला. पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट पसरत गेली, एक, दोन, तीन, चार. मग पुढे, काही झालंच नाही अशा सुरात, "मुलांनो, पावसाच्या पाण्यासाठी टाकी बांधा." मधलं 'विहीर नव्हती' गायब. "अकरा वेळा केलं," तो म्हणाला, "अकरा वेळा तेवढंच गिळतंय. बाकी कुठं अडत नाही." त्यानं ती सपाट रेघ ताणून मोठी केली, आवाज वाढवत नेला. आधी नुसता घोंघाट आला, मग घोंघाटाच्या तळाला काहीतरी. श्वास. कुणीतरी ओठ मिटून, नाकानं श्वास घेत उभं असतं, तसा. "हा पण तुमचाच हां ताई," तो म्हणाला, "वाक्याच्या आधी तुम्ही असाच घेता." प्रियांका म्हणाली, "ए, बंद कर ना ते. अंगावर येतंय." "थांब गं, बारावं तर ऐकवतो ताईंना. ते कॉमेडी आहे." त्यानं बारावं लावलं. चार क्षणांची तीच शांतता. मग माझा आवाज, पण वाक्याच्या शेवटी वर न जाणारा, खाली बसणारा, "पानी हाय गो बाय. जासती खाली नाय."

सर्वेश बाहेर आला. "हे कुठून आलं?" "काय माहीत सर. मी तर फक्त बाईंचं दिलंय." प्रियांका म्हणाली, "आगरी आहे हे. दिवा गावात आमच्या शेजारच्या आजी सेम अशाच बोलायच्या." सर्वेश माझ्याकडे वळला. "बाईंनी आम्हाला 'पानी' म्हटलं म्हणून पाच-पाच वेळा लिहायला लावलंय. बाई, तुमच्यात कोण घुसलंय?" सगळे पुन्हा हसले आणि मीही हसले, बिनआवाजाचं. आतल्या खोलीत मी कधी तसं बोलले होते का? एकटी असताना, माइक चालू राहिलेला असताना? आठवून बघितलं. गोधड्यांच्या भिंती, पिवळा दिवा, पुढ्यातला कागद. त्यापुढे काही आठवेना. रात्री झोपेत आपण काय बोलतो हे ज्याचं त्याला कधी कळत नाही, तसं.

"राहू दे," सर्वेश म्हणाला, "बाराला बाई स्वतःच बोलतील. एकच वाक्य आहे. संपलं." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वीस. मीही पाहिलं. चाळीस मिनिटांनी मला आत जाऊन म्हणायचं होतं, 'इथं विहीर नव्हती.' नाहीतर बाहेर उभं राहून म्हणायचं होतं, मी हे म्हणणार नाही. आणि मग का ते सांगावं लागणार होतं. का ते सांगितलं की ट्रस्ट गेम उचलणार, या तिघांचे सहा महिने जाणार, आणि राघो उघडा पडणार. आणि मी. सगळ्यात आधी मी.

कारण हे वाक्य मी एकदा बोलले होते. नऊ वर्षांपूर्वी, न बोलता. याच बांधकामवाल्यांशी जमिनीचा सौदा ठरला होता. माझी हक्कसोडाची सही झालेली होती. बहिणीनं करायची असते, मी केली, त्याचं मला काही नव्हतं. पण त्या बावीवर मागच्या वाडीतली अकरा घरं पाणी भरत. बाव कागदावर आली असती तर ती बुजवता आली नसती, त्या घरांची वाट ठेवावी लागली असती, आणि घेणाऱ्यांना तशी जागा नको होती. राघोनं आदल्या दिवशी तिच्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर पेंढा. आसरांचे दगड त्यानं कुठं नेले ते मी विचारलं नाही. आईला माजघरात निजवलं होतं, तिला उठवत नव्हतं. सकाळी नऊ-साडेनवाला घेणाऱ्यांचा माणूस वही घेऊन आला. चांगला माणूस होता, चपला बाहेर काढून ओटीवर आला. सगळं लिहून झालं आणि त्यानं विचारलं, "विहीर वगैरे आहे का?" राघो म्हणाला, नाही. मागच्या वाडीतली एक बाई बांधाशी घागर घेऊन उभी होती, ती काही बोलली नाही. ती राघोच्या शेतात कामाला यायची. त्या माणसाचं काहीतरी अडलं असावं. तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही सांगा. तुमच्या कपाळावरूनच कळतंय, तुम्ही खोटं बोलायच्या नाहीत." पेंढ्याखालून तेव्हा एक टप्पोरा थेंब पडल्याचा आवाज आला. मी ऐकला. त्यानंही ऐकला असेल. राघो हसून म्हणाला, "ती बारापर्यंत बोलत नाय साहेब. नेम हाय तिचा." त्या माणसानं वही काखेत धरली आणि मला हात जोडले, देवळात जोडतात तसे. आणि लिहिलं.

मी मान हलवून हो म्हणू शकले असते. बोटानं दाखवू शकले असते. त्याला बारापर्यंत थांबवून घेऊ शकले असते. उन्हात बसला असता, पाणी मागितलं असतं. यातलं काही केलं नाही, आणि बरं वाटलं. हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. गप्प राहून मला बरं वाटलं. नेम माझ्या आणि त्या गोष्टीच्या मध्ये असा उभा राहिला, जसा थोरला माणूस लहानाला पाठीशी घालतो. बारा वाजता मी तोंड उघडलं तेव्हा रस्त्यावरची धूळही खाली बसली होती. आठ दिवसांनी बाव बुजली. आईला मी कोपरला आणलं. तिच्यापुढे पेला धरला की ती आधी वास घ्यायची, मग ओठ लावायची आणि परत द्यायची. "मना नको. यो पानी मुका हाय." डॉक्टर म्हणाले, म्हातारपण आहे. ती आषाढ संपायच्या आत गेली. शेवटचं पाणी मी सकाळी दहा वाजता तिच्या तोंडात घातलं. तिनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, मला कळलं, आणि मी उत्तर दिलं नाही. दहा वाजले होते.

खालचे ठोके थांबले. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली असावी. मी वर पाहिलं तर बारा वाजून गेले होते, तीन मिनिटं. कुणी मला हाक मारली नव्हती. धम्मपाल कानांवर हेडफोन चढवून पुन्हा त्याच वाक्याशी झटत होता. "अजून एकदा बघतो," तो सर्वेशला म्हणत होता, "मशीनकडून हरायचं नाही सर." मी उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लावलं. बाहेरचं सगळं कापसात गेलं. माइक समोर होता, त्याची तार धम्मपालच्याच मशीनला. नेहमीसारखी काचेकडे पाठ करून मी उभी राहिले. दिवसाचा पहिला शब्द नेहमी घशाशी जरा अडतो, खाकरावं लागतं. त्या दिवशी अडला नाही. मी म्हणाले, "इथं विहीर होती." माझा आवाज गोधड्यांत शिरला आणि परत आला नाही. मग मी सगळंच बोलत गेले. माझं नाव नीला, माहेरचं नाव सांगितलं, बापाचं नाव महिपत. उडवीच्या पायथ्याशी. चौदा पायऱ्या होत्या. अकरा घरं पाणी भरत. माझ्या भावानं झाकली आणि मी उभी राहून बघितली. वाडीतल्या ज्या बायका आठवल्या त्यांची नावं घेतली, घागरीसकट आठवत गेल्या तशी. किती वेळ ते माहीत नाही. बोलायचं संपलं तेव्हा मला भूक लागली होती, साधी, पोटातली.

मी वळले. काचेपलीकडे धम्मपाल मान हलवत होता. त्यानं एक बटण दाबून धरलं, पडद्यावरची लांबच लांब रेघ मागून पुढे पुसली गेली, आणि तो सर्वेशकडे बघून काहीतरी म्हणाला. सर्वेश पोट धरून हसला. मग धम्मपालनं मला पाहिलं, अंगठा दाखवला आणि खोलीतल्या स्पीकरवर त्याचा आवाज आला. "ताई, कधी आत गेलात? आता गरजच नाही. जमलं बघा." पाठोपाठ माझा आवाज आला, गोड, स्वच्छ, कुठंही न अडखळता. "इथं विहीर नव्हती, मुलांनो. पावसाच्या पाण्यासाठी टाकी बांधा." मी ऐकत उभी राहिले. चूक काढायला जागा नव्हती. श्वास योग्य जागी. शेवट किंचित वर. हा आवाज मी ओळखत होते. याच आवाजानं मी तीस वर्षं सांगितलं होतं, खरं बोलावं.

बाहेर आले तेव्हा धम्मपाल घाम पुसत होता. "मध्येच परत पिसाळलं होतं ताई. विहीर होती, विहीर होती, नावं काय, पायऱ्या काय. अख्खी गोष्ट रचली त्यानं. उडवून टाकलं सगळं."

"ते मी बोलले," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मशीन नाही. मी. आत उभी राहून मी बोलले ते."

सर्वेश अजून हसतच होता, पण त्याचं हसू चेहऱ्यावर जागा बदलायला लागलं होतं. "बाई, गंमत करताय? तुमची पाठ होती आमच्याकडे."

"पाठ नेहमीच असते." मग मी पुन्हा सांगितलं, उभ्यानं. या वेळी थोडक्यात. ही जमीन आमची होती. इथं विहीर होती. जमिनीची पाहणी झाली तेव्हा मी तिथं होते आणि मौनाच्या आडोशाला उभी राहिले. सांगताना मी एकेकाकडे बघत होते आणि मला दिसत होतं की ते माझ्या ओठांकडे बघतायत, आवाजाशी ओठ जुळतायत का ते. धम्मपालनं हेडफोन काढून गळ्यात घेतले. त्याचा चेहरा पडला होता. "ताई, मी तुमच्यासाठी म्हणून केलं होतं ते मशीन." "मला माहीत आहे रे," मी म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही." आणि ते म्हणतानाही तो मान जरा वाकडी करून ऐकत होता, खरं-खोटं पारखल्यासारखा.

"शुक्रवार आहे, बाई," सर्वेश हळू म्हणाला. तो चौथीत होता तेव्हा गृहपाठ विसरला की असाच बोलायचा. "ट्रस्टवाले हे ठेवू देणार नाहीत. चाळीस शाळा आहेत. या दोघांना मी काय सांगू?"

"त्यांना मी सांगते. ट्रस्टच्या बाईंनाही मीच फोन करते, आत्ता. माझ्या भावालाही. माझा आवाज त्या वाक्याला द्यायचा नाही, एवढं मी सांगेन. बाकी तू ठरव."

"आणि हा?" त्यानं पडद्याकडे बोट केलं. "हा आवाज तर तुमचाच वाटतो. ऐकणाऱ्याला काय कळणार?"

मग प्रियांकानं तिची खुर्ची पुढे ओढली, सगळी घरं, झाडं, पानं एकेक करून पडद्यावरून काढली. खाली ती करडी जमीन उरली. तिनं ती सावकाश फिरवून पूर्वेचा उंचवटा वर आणला. "कुठं होती, ताई?" ती म्हणाली, "मला नीट दाखवा. मी काढते. पायऱ्यांसकट काढते, मग उडवायची तर ते उडवू देत." आणि माउस माझ्या हाताखाली सरकवला.

बाण जमिनीवर इकडेतिकडे होत राहिला. नऊ वर्षांत मी त्या बाजूला फिरकले नव्हते. आता तिथं काय असेल, कुठल्या मजल्याच्या खाली काय. उडवीचा पायथा, मग एक ताड, मग पाच-सहा पावलं. मी एका जागी थांबले. इथंच, असं मनात आलं.

"आनखी जराक डावे हाताला, गो."

धम्मपालचे दोन्ही हात वर होते, कशालाही न लागलेले. सर्वेश स्पीकरकडे बघत होता. प्रियांका माझ्याकडे बघत होती. माझं तोंड उघडं होतं. ते आत्ता उघडलं की आधीपासून होतं, ते मला सांगता येईना. मी हात डावीकडे नेला.